तीस सेकंदांत ६६४ वर्षांचं आयोडिन

माणसाच्या शरीराला रोज किती आयोडिन लागतं? १५० मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचे दहा लाख भाग करा आणि त्यातले फक्त दीडशे उचला. झाली दिवसाची गरज! मोहरीचा एक दाणासुद्धा याहून कितीतरी जड भरतो.

आता ७० किलो वजनाचा एक माणूस पोटाचा सीटी स्कॅन करायला जातो. डॉक्टरांनी लिहून दिलंय, डाय देऊन करायचा. त्या डायचं सगळं काम आयोडिन करतं. यकृत नीट उजळून दिसायला दर किलो वजनामागे साधारण ५२० मिलिग्रॅम आयोडिन द्यावं लागतं. चला, गुणाकार करू. ७० गुणिले ५२० म्हणजे ३६,४०० मिलिग्रॅम. छत्तीस ग्रॅमच्या वर! याला रोजच्या गरजेने भागा. २ लाख ४२ हजार ६६६ दिवस. त्याची वर्षं करा. ६६४ वर्षं!

सहाशे चौसष्ट वर्षं पुरेल इतकं आयोडिन एका माणसाच्या हाताच्या शिरेतून आत जातं. आणि किती वेळात? तीस सेकंदांत! शिवराज्याभिषेकाला २०२४ साली ३५० वर्षं झाली. त्याच्या जवळजवळ दुप्पट काळाची शिदोरी अर्ध्या मिनिटात शरीरात उतरते.

मिठात मोजायचं? आयोडिनयुक्त मीठ आपल्या हाती येतं तेव्हा त्यात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडिन असावं असा आपल्याकडचा दंडक आहे. म्हणजे हे ३६ ग्रॅम आयोडिन मिठातून मिळवायचं तर किलोच्या २,४२७ पुड्या लागतील. जवळपास अडीच टन मीठ, एका माणसाच्या एका स्कॅनसाठी!

आणि हा झाला ७० किलोचा माणूस. तो १२० किलोचा असेल तर? डाय त्याच हिशेबाने वाढवायचा का? किरण किती वाढवायचे? सगळंच वजनाच्या प्रमाणात वाढवलं की काम झालं? नाही! इथेच खरी गंमत सुरू होते. किरणांचा हिशेब एका वाटेने पळतो, डायचा हिशेब अगदी दुसऱ्या वाटेने. दोन्ही वाटांवर आकडे असे उसळतात की बोटं कमी पडतात. चला, एकेक वाट चालून बघू.

माणसांची रांग चंद्रापलीकडे

आधी हा प्रश्न किती जणांचा आहे ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२२ साली जगातल्या सुमारे २५० कोटी प्रौढांचं वजन हवं त्याहून जास्त होतं. मुंबईच्या लोकलगाड्या दिवसाला सुमारे ७५ लाख प्रवासी वाहतात. हे २५० कोटी लोक एकेकदा लोकलने न्यायचे ठरवलं तर पश्चिम, मध्य आणि हार्बर या सगळ्या मार्गांवरच्या सगळ्या गाड्या, सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत, रविवारची सुट्टी न घेता, ३३३ दिवस चालवाव्या लागतील!

त्या २५० कोटींपैकी ८९ कोटी जणांचं वजन तर स्थूलतेच्या रेषेपलीकडे होतं. या ८९ कोटींना प्रत्येकी दीड फूट जागा देऊन रांगेत उभं करा. मुंबईहून सुरू झालेली रांग पुण्याला पोचेल, पुन्हा मुंबईला येईल, पुन्हा पुण्याला जाईल. अशा किती खेपा? सत्तावीसशे! एकूण लांबी चार लाख किलोमीटरच्या वर. चंद्र आपल्यापासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. रांग चंद्राला मागे टाकून पुढे गेली!

आपल्या देशातही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष या जास्त वजनाच्या गटात आले. जवळपास दर चौघांत एक.

आणि सीटी स्कॅन? जगभरात वर्षाला सुमारे ४० कोटी होतात. दिवसाला अकरा लाख. सेकंदाला बारा-तेरा! या परिच्छेदाच्या पहिल्या शब्दापासून तुम्ही इथवर आलात तोवर जगात शंभरएक स्कॅन होऊन गेले. म्हणजे जास्त वजनाच्या माणसाचा स्कॅन हा दुर्मीळ प्रसंग नव्हे. प्रत्येक सीटी सेंटरचं ते रोजचं काम आहे, आणि म्हणून ते नीट जमलंच पाहिजे.

पंचवीस विहिरींचे पंप, एका ठिपक्यावर

आता यंत्राच्या पोटात शिरू. सीटीच्या त्या मोठ्या गोल कडीत एक एक्स-रे ट्यूब असते. घरच्या प्लगमध्ये २३० व्होल्ट असतात. या ट्यूबला लागतात १ लाख २० हजार! गावाबाहेर मनोऱ्यांवरून १३२ केव्हीची उच्चदाब लाइन जाते ना, जवळपास तेवढा दाब या एका ट्यूबमध्ये कोंडलेला असतो.

त्या दाबाने इलेक्ट्रॉन सुटतात. केवढ्या वेगाने? सेकंदाला १ लाख ७६ हजार किलोमीटर. मुंबई-पुणे अंतर दीडशे किलोमीटर धरा. घाटात गाडी तापते, खोपोलीला थांबावं लागतं, लोणावळ्याला चिक्की घ्यावी लागते. या इलेक्ट्रॉनला मात्र तेवढ्या अंतराला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. तो एका सेकंदात मुंबई-पुणे अकराशे सत्तर वेळा कापेल!

आणि इलेक्ट्रॉन किती? ट्यूबमधून ८०० मिलिअँपिअर प्रवाह जातो तेव्हा सेकंदाला ५० हजार कोटी कोटी. पाचावर अठरा शून्यं! यातला प्रत्येक इलेक्ट्रॉन एक रुपया मानून जगातल्या आठशे कोटी माणसांत सारखा वाटा. प्रत्येकाच्या हातात साडेबासष्ट कोटी रुपये पडतील. एका सेकंदाच्या प्रवाहातून!

या क्षणी ट्यूब ९६ किलोवॉट वीज खात असते. शेतावरचे पाच हॉर्सपॉवरचे पंप आठवा. पंचवीस विहिरींवरचे पंचवीस पंप एकदम सुरू केले तर जेवढी वीज लागेल तेवढी ही एकटी ट्यूब ओढते. त्यातली एक टक्का वीज किरण होते. उरलेल्या नव्व्याण्णव टक्क्यांची उष्णता होते, आणि तीही मिलिमीटरभराच्या ठिपक्यावर! म्हणूनच तिथे टंगस्टनची चकती लावतात. टंगस्टन ३,४२२ अंश सेल्सिअसला वितळतं. तरीही तो ठिपका एका जागी राहू नये म्हणून चकती मिनिटाला हजारो फेऱ्यांनी गरगर फिरवावी लागते.

एवढ्यावर थांबत नाही. ही अख्खी ट्यूब माणसाभोवती फिरते. सर्वांत वेगवान यंत्रांत एक फेरी पाव सेकंदात! साठ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर तिचा वेग पडतो ताशी ५४ किलोमीटर, आणि तिला बाहेर फेकू पाहणारं बल तिच्या वजनाच्या ३९ पट. त्या कडीवर बसवलेला ५० किलोचा भाग जणू दोन टनांचा होतो. आत शांत झोपलेल्या माणसाच्या कानावर फक्त घूं घूं येते.

दर चार सेंटिमीटरला एक टोलनाका

आता त्या किरणांना पोटातून पलीकडे जायचंय. आणि पोटात बसलेत टोलनाके! साधारण दर चार सेंटिमीटरला एक. मांस असो की चरबी, थोडा फरक सोडला तर हिशेब हाच. प्रत्येक नाक्यावर टोल किती? निम्मा! आलेल्या किरणांपैकी अर्धे तिथेच अडतात, अर्धे पुढे जातात.

चला, एक कोटी किरणकण घेऊन निघू. पोटाची पुढून मागे जाडी २४ सेंटिमीटर आहे. म्हणजे सहा नाके. पहिल्यावर उरले ५० लाख. मग २५ लाख. मग साडेबारा लाख. मग सव्वासहा लाख. मग ३ लाख १२ हजार ५००. सहावा नाका ओलांडून पलीकडे पोचले १ लाख ५६ हजार २५०. कोटीतून दीड लाख. ठीक आहे, एवढ्यावर चित्र छान उमटतं.

आता जाडी ४० सेंटिमीटर करा. फक्त सोळा सेंटिमीटर वाढले, वीतभराहून कमी. नाके मात्र चार वाढले. १,५६,२५० चे झाले ७८,१२५. मग ३९ हजार. मग साडेएकोणीस हजार. मग ९,७६६. कोटी रुपये घेऊन निघालेला माणूस दहा हजार रुपयेही घेऊन पोचला नाही! ४८ सेंटिमीटरला? २,४४१!

बघा हं. जाडी २४ ची ४८ झाली, म्हणजे दुप्पट. किरण उरले चौसष्टावा हिस्सा! वजन वाढतं बेरजेने, किरण घटतात भागाकाराने. या एका गोष्टीने सीटीवाल्यांची झोप उडवलेली असते.

किरण कमी आले की चित्रात रवाळपणा येतो, जणू कुणी वाळू भिरकावली. तिचा हिशेब वर्गमुळाने चालतो. दीड लाख कण आले तर त्यातला अटळ चढउतार ३९५ चा, म्हणजे पाव टक्का. ९,७६६ आले तर चढउतार ९९ चा, म्हणजे पूर्ण एक टक्का. वाळू चौपट! आणि शोधायचं काय असतं? सीटीच्या मापात हवा आणि पाणी यांच्यात हजार एककांचं अंतर आहे. यकृत आणि त्यात लपलेली गाठ यांच्यात कधी कधी दहा-वीस एककांचंच. हजारात दहा! वाळू चौपट झाली की नेमकी तीच गाठ वाळूत बुडते.

सोळापट कुठून आणायचे?

मग किरण सोळापट करा की! सांगणं सोपं. पंचवीस विहिरींच्या जागी चारशे विहिरींचे पंप लागतील. अशी ट्यूब जगात नाही. आणि असती तरी माणसावर सोळापट किरण कोण सोडेल?

म्हणून हे कोडं तुकड्या-तुकड्यांनी सोडवतात, आणि त्या तुकड्यांचा गुणाकार बघण्यासारखा आहे. एका फेरीला अर्ध्या सेकंदाऐवजी पूर्ण सेकंद घेऊ द्या. दुप्पट! टेबल निम्म्या वेगाने सरकू द्या. पुन्हा दुप्पट, झाले चौपट. आता चित्राचा काप एक मिलिमीटरऐवजी पाच मिलिमीटरचा करा. प्रत्येक कापात पाचपट किरण आले, तेही किरणांचा एक कणही न वाढवता. चार गुणिले पाच किती? वीस! सोळा हवे होते, वीस मिळाले!

यातला चौपटीचा वाटा शरीराला किरणांच्या रूपात सोसावा लागतो, म्हणून तो गरजेपुरताच घेतात. बाकीचं काम संगणकावर सोपवतात. नव्या पद्धतीची चित्रजुळणी वाळू गाळून टाकते. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्ताही या कामाला जुंपली आहे. शिवाय १ लाख २० हजारांऐवजी १ लाख ४० हजार व्होल्ट लावले की किरण अधिक भेदक होतात आणि टोलनाक्यांमधलं अंतर थोडं वाढतं. सडपातळ माणसात मात्र उलटा डाव खेळतात. तिथे ८० हजार व्होल्टला आयोडिन जवळपास दुप्पट चमकतं, म्हणून डाय कमी देता येतो. मोठ्या शरीरात ते मऊ किरण वाटेतच संपतात. एकच बटण, पण दोन शरीरांसाठी दोन दिशांना फिरवायचं!

माणूस गोल नसतो, लंबगोल असतो. समजा पुढून मागे ३२ सेंटिमीटर, आडवा ४४. फरक बारा सेंटिमीटर, म्हणजे तीन नाके, म्हणजे आठपट! ट्यूब वर असताना जेवढे किरण पुरतात त्याच्या आठपट ती बाजूला गेल्यावर लागतात. यंत्र काय करतं? फिरता फिरता प्रवाह वाढवतं आणि उतरवतं. अर्ध्या सेकंदाच्या फेरीत दोन चढ, दोन उतार. सेकंदाला चार चढ, चार उतार! आपला श्वास अजून आतही गेलेला नसतो.

पण या सगळ्या चलाखीला एक अट आहे. माणूस कडीच्या नेमक्या मध्यावर हवा. टेबल काही सेंटिमीटर वर-खाली राहिलं की यंत्राला शरीर खोटंच लहान किंवा मोठं दिसतं आणि सगळा हिशेब घसरतो. हात डोक्याच्या वर घ्यायला सांगतात तेही याचसाठी. हात खाली राहिले तर दोन्ही बाजूंना हाडांसकट जादा नाके उभे राहतात!

आणखी एक मोठी बचत आहे. निसर्गातून आपल्या सगळ्यांना वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतोच. पोटाचा एक स्कॅन साधारण आठ ते दहा मिलिसिव्हर्टचा, म्हणजे चार वर्षांचा निसर्ग काही सेकंदांत. डायच्या आधी एकदा, मग धमन्या उजळताना, मग यकृत उजळताना असे तीनदा स्कॅन घेतले तर बारा वर्षांचा! जिथे एकाच वेळचा स्कॅन पुरतो तिथे एकच घेतला की दोनतृतीयांश डोस वाचला. मोठ्या शरीराला मुळातच जास्त किरण लागतात, म्हणून तिथे या एका निर्णयाची किंमत सर्वांत मोठी.

डायचा हिशेब: उंचीलाही विचारा

आता दुसरी वाट. १२० किलोच्या माणसाला ५२० च्या हिशेबाने डाय द्यायचा तर आयोडिन लागेल ६२.४ ग्रॅम. १,१३९ वर्षांची गरज! ज्ञानेश्वरी १२९० साली पूर्ण झाली. तिच्याही चारशे वर्षं मागे जावं लागेल.

पण थांबा. डाय जातो रक्तातून, आणि चरबीत रक्त थोडंच फिरतं. वाढलेल्या पन्नास किलोंत बहुतेक चरबी असेल तर तिला तेवढा डाय हवाच कशाला? म्हणून चरबी सोडून उरलेलं वजन काढतात. त्यासाठी बोअर यांचं १९८४ सालचं सूत्र आहे. कागद-पेन्सिल घ्या. पुरुषासाठी वजनाला ०.४०७ ने गुणा, सेंटिमीटरमधल्या उंचीला ०.२६७ ने गुणा, बेरीज करा, १९.२ वजा करा.

उंची १७० सेंटिमीटर, वजन ७० किलो. उत्तर येतं ५४.७ किलो. उंची तीच, वजन १२०. उत्तर ७५ किलो. बघितलंत? काट्यावरचं वजन ७१ टक्के वाढलं, डायला गिऱ्हाईक असलेलं शरीर वाढलं फक्त ३७ टक्के! मग आयोडिनही तेवढंच वाढवा. ३६.४ चे झाले ५० ग्रॅम. ६२ नव्हे, ५०!

बायकांत हा फरक आणखी ठळक. सूत्र वेगळं आहे: वजनाला ०.२५२, उंचीला ०.४७३, वजा ४८.३. उंची १५५ सेंटिमीटर धरा. ५५ किलोला उत्तर ३८.९, ९० किलोला ४७.७. वजन ६४ टक्के वाढलं, चरबीविरहित शरीर २३ टक्केच!

त्या १२० किलोच्या माणसाकडे परत या. साडेबारा ग्रॅम आयोडिन वाचलं. सव्वादोनशे वर्षांची गरज! आयोडिनयुक्त मिठाच्या आठशे पुड्या! डायच्या बाटलीत मिलिलिटरला ३५० मिलिग्रॅम आयोडिन असतं, म्हणजे वाचलेला डाय सुमारे ३५ मिलिलिटर. दिसायला दोन-तीन घोट. आणि यकृत उजळलं तितकंच. त्या ५० ग्रॅमपैकी यकृतात त्या घटकेला असतं किती? मिलिलिटरमागे दोन मिलिग्रॅम. दीड लिटरच्या यकृतात तीन ग्रॅम! बाकी सारं शरीरात इतरत्र.

आता हे ५० ग्रॅम आयोडिन, म्हणजे १४३ मिलिलिटर डाय, त्याच तीस सेकंदांत आत घालायचाय. वेळ वाढवली तर डायची लाट पसरते आणि चमक उतरते. म्हणजे सेकंदाला जवळपास पाच मिलिलिटर, सुईच्या बारीक नळीतून! हे हाताने होणं नाही. पॉवर इंजेक्टर लागतो. त्याच्या दाबाची नेहमीची मर्यादा ३२५ पीएसआय. गाडीच्या टायरमध्ये आपण तीसएक पीएसआय हवा भरतो, हे त्याच्या दहापट. पाण्यात मोजा. साडेसातशे फूट खोल बोअरवेल काठोकाठ भरली तर तळाशी पाण्याचा दाब पडेल तेवढा! साडेसातशे फूट बोअरचा दाब मनगटाच्या किंवा कोपराच्या शिरेजवळ ठेवलेल्या यंत्रात! म्हणूनच सुई जाड घेतात आणि डाय कोमट करतात. ३५० च्या आयोहेक्सॉल या डायची चिकटाई २० अंशांना २०.४ असते, ३७ अंशांना १०.४. नुसता शरीराइतका कोमट केला आणि निम्मा पातळ झाला!

आणि काम झाल्यावर हा डाय जातो कुठे? मूत्रपिंडांतून बाहेर. निरोगी मूत्रपिंडं दिवसाला १८० लिटर द्रव गाळतात. वीस फूट रुंदीच्या गोल विहिरीत तीस फूट पाणी धरा. अडीच लाख लिटरच्या वर. ही आख्खी विहीर मुठीएवढी दोन मूत्रपिंडं चार वर्षांत गाळून काढतील! ती निरोगी असतील तर डायचा बहुतेक सगळा भाग एका दिवसात लघवीवाटे निघून जातो. ती कमजोर असतील तर प्रत्येक वाचलेला मिलिलिटर मोलाचा.

एका पोटात आख्खा महाराष्ट्र

स्कॅन झाला. किती वेळ लागला? चार सेंटिमीटर रुंदीचा किरणपट्टा, ४५ सेंटिमीटर पोट, साध्या वेगाने अकरा-बारा फेऱ्या. सहाएक सेकंद! आणि त्यात मोजण्या किती? ढोबळमानाने संवेदकांच्या ६४ रांगा, रांगेत ९००, फेरीत हजार वेळा. एका फेरीत ५ कोटी ७६ लाख. साऱ्या फेऱ्यांत ६५ कोटी! सेकंदाला एक या गतीने हे आकडे रात्रंदिवस मोजत बसलात तर साडेवीस वर्षं लागतील.

आता १९७१ सालात जा. १ ऑक्टोबरला लंडनच्या विम्बल्डनमधल्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्रावर जगातला पहिला रुग्ण तपासला गेला, मेंदूच्या स्कॅनसाठी. त्या यंत्रात १८० कोनांतून १६० मोजण्या होत. २८,८०० आकडे. सेकंदाला एक मोजले तर बरोबर आठ तास, कारखान्यातली एक पाळी! तिथून आपण साडेवीस वर्षांवर आलो.

त्यांचं चित्र ८० गुणिले ८० चौकटींचं, म्हणजे ६,४०० चौकटी, आणि ते जुळवायला संगणकाला अडीच तास लागत. आजचा एक काप ५१२ गुणिले ५१२, म्हणजे २ लाख ६२ हजार १४४ चौकटी. पोटाचे असे ४५० काप. एकूण ११ कोटी ७९ लाख! २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या होती ११ कोटी २४ लाख. मुंबईपासून गडचिरोलीपर्यंतच्या प्रत्येक माणसाला एकेक चौकट वाटली तरी पन्नास लाख उरतील! त्या पहिल्या संगणकाच्या गतीने एवढ्या चौकटी जुळवायला सव्वापाच वर्षं गेली असती. आता काही मिनिटांत चित्र डॉक्टरांसमोर. या कामासाठी हाउन्सफिल्ड आणि अ‍ॅलन कॉरमॅक यांना १९७९ चं नोबेल मिळालं. आणि पुढचं पाऊलही पडलं आहे. प्रत्येक किरणकण सुटा मोजणाऱ्या सीटी यंत्राला सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. दहाव्या-बाराव्या टोलनाक्यापलीकडे जे थोडे कण पोचतात, त्यातला एकही यंत्राच्या स्वतःच्या खरखरीत हरवू नये, यासाठी ते मोठ्या शरीरात फार उपयोगाचं.

आता शेवटचा गुणाकार, आणि हा सगळ्यात मोठा. एका रुग्णामागे ३५ मिलिलिटर डाय वाचतो. एखाद्या रुग्णालयात असे दिवसाला दहा रुग्ण धरू, वर्षाचे दिवस ३००. झाले १०५ लिटर. शंभर मिलिलिटरच्या १,०५० बाटल्या! त्यात आयोडिन पावणेसदतीस किलो. साऱ्या महाराष्ट्राची दोन दिवसांहून जास्तीची गरज, एका रुग्णालयाच्या बचतीत! अशी शंभर रुग्णालयं धरा. साडेदहा हजार लिटर. उन्हाळ्यात गावात येतो तो पाण्याचा आख्खा टँकर, काठोकाठ डायने भरलेला! त्यातलं आयोडिन साऱ्या महाराष्ट्राला, लहानथोर प्रत्येकाला, सात महिने पुरेल! आणि हे आयोडिन येतं कुठून? जगातलं निम्म्याहून जास्त आयोडिन चिलीच्या अटाकामा वाळवंटातून निघतं, इथून सोळा हजार किलोमीटरवरून, म्हणजे मुंबई-पुणे शंभरावर वेळा. २०२२ साली शांघायच्या टाळेबंदीने डायचा एक मोठा कारखाना अडला आणि जगभरातल्या रुग्णालयांना बाटल्या मोजून वापराव्या लागल्या. तेव्हा सगळ्यांना कळलं की तीन घोटांचा हिशेब किती मोठा असतो.

हा सगळा डोंगर उभा आहे दोन आकड्यांवर. वजन आणि उंची. ते अंदाजाने सांगितले तर डाय चुकतो, किरण चुकतात आणि गाठ वाळूत राहू शकते. म्हणून रुग्णालयांना विनंती: सीटीच्या दाराशी वजनकाटा आणि उंचीची पट्टी ठेवा आणि प्रत्येकाला त्यावर उभं करा. आणि वाचकहो, तुमच्यावर किंवा घरातल्या कुणावर पोटाचा सीटी करायची वेळ आली तर संकोच न करता वजन-उंची तिथेच मोजून घ्या. मूत्रपिंडाचा त्रास, मधुमेहाच्या गोळ्या, पूर्वी डायची रिअ‍ॅक्शन आली असेल तर तीही, सगळं आधी सांगा. हात वर घ्या, सांगतील तेव्हा श्वास रोखा. उरलेले ६५ कोटी आकडे यंत्र सांभाळेल. हे दोन तुम्ही बरोबर द्या.